नळाची धार आणि गोठ्यातली कालवड

घरातला नळ अगदी बारीक सोडा आणि धारेकडे नीट पाहा. तोटीजवळ ती काचेच्या कांडीसारखी सलग आणि गुळगुळीत दिसते. थोडी खाली गेली की तिच्यावर फुगवटे उमटू लागतात. आणखी खाली धार अशी उरतच नाही. एकामागून एक पडणाऱ्या थेंबांची ती रांग असते. डोळ्यांना हे थेंब वेगवेगळे दिसत नाहीत, पण तळहात खाली धरला की टपटप जाणवते.

धार अशी का तुटते, या प्रश्नाचा उलगडा बेल्जियमचे जोसेफ प्लातो आणि इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनी १८७० च्या दशकात केला. या तुटणाऱ्या धारेवरच आज एक यंत्र उभे आहे. गाईला होणारे वासरू कालवड असावे की गोऱ्हा, हे त्या यंत्राच्या साहाय्याने गाभण राहण्यापूर्वीच ठरवता येते, आणि दहांपैकी सुमारे नऊ वेळा ते खरे ठरते. या विषयावर खरे तर जीवशास्त्राच्या शिक्षकाने लिहायला हवे. पण यंत्राच्या आत डोकावले तर पृष्ठताण, स्थिर विद्युत, प्रकाश आणि बर्नूलीचे सूत्र अशी आमचीच मंडळी तेथे राबताना दिसतात. म्हणून हा अधिकार मी घेत आहे.

जीवशास्त्राचा भाग थोडक्यात उरकू. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, गाईच्या पेशीत ६०. त्यांतील एक जोडी लिंग ठरवते. मादीत ती एक्स-एक्स अशी असते, नरात एक्स-वाय अशी. अंडपेशी आणि शुक्राणू तयार होताना जोड्या फुटतात व प्रत्येकात निम्मी गुणसूत्रे जातात. अंडपेशीत नेहमी एक्सच येणार, कारण आईजवळ दुसरे काही नाहीच. शुक्राणूंत मात्र निम्म्यांत एक्स येते आणि निम्म्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू अंडपेशीला मिळाला तर मादी, वायवाला मिळाला तर नर. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ साली पिठातील किड्यांवर काम करून हा फरक दाखवून दिला. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आपल्याकडे आहेत. ज्या गोष्टीवर आईचा काडीचाही ताबा नाही, तिच्याबद्दल तिला दोष देणे म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून छत्रीला रागावण्यासारखे आहे.

आता मुख्य प्रश्न. दोन प्रकारचे शुक्राणू वेगळे काढायचे असतील, तर त्यांच्यात मोजता येईल असा काहीतरी फरक हवा. रंग तोच, आकार तोच, पोहण्याची रीत तीच. फरक आहे तो डीएनएच्या प्रमाणात. एक्स हे गुणसूत्र लांबलचक आहे, वाय आखूड आहे. माणसाच्या एक्स-गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे १५.५ कोटी पायऱ्या आहेत, वायमध्ये ६ कोटींच्या आसपास. पण शुक्राणूत बाकीची २२ गुणसूत्रेही असतात आणि एकूण पायऱ्या सुमारे ३०० कोटी भरतात. तेव्हा ९ ते १० कोटींचा हा फरक एकूण डीएनएच्या केवळ ३ टक्के होतो. प्रत्यक्ष मोजमापात माणसासाठी तो २.८ टक्के आला. वळूत तो ३.८ टक्के आणि मेंढ्यात ४.२ टक्के आहे. कोंबड्यात तो शून्य आहे, कारण पक्ष्यांत पिल्लाचे लिंग अंड्यातल्या गुणसूत्रावरून ठरते. तेथे हे यंत्र काही कामाचे नाही.

डीएनए जास्त म्हणजे वजन जास्त. मग एक्सवाले शुक्राणू तळाशी लवकर बसतील, असे तुम्हाला लगेच सुचेल. पुष्कळांना सुचले होते. आपण हिशेब करून पाहू. द्रवात बुडणाऱ्या बारीक गोळीचा वेग स्टोक्सच्या नियमाने काढता येतो. शुक्राणूचे डोके सुमारे २ मायक्रोमीटर त्रिज्येची गोळी मानले (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याची घनता पाण्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त धरली, तर ते सेकंदाला १ मायक्रोमीटरच्या आसपास बुडेल. दोन प्रकारांतील फरक याच्याही तीन-चार टक्के, म्हणजे सेकंदाला ०.०४ मायक्रोमीटर. वजनात डीएनएखेरीज इतर पदार्थही असल्यामुळे खरा फरक याहून कमीच. आणि हे शुक्राणू स्वस्थ बसत नाहीत. सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटर वेगाने ते इकडेतिकडे पोहत असतात. जत्रेच्या गर्दीत कोण किती मुंगीच्या पावलांनी उताराकडे सरकला, हे मोजण्यासारखा हा प्रकार झाला.

वजनावर नव्हे तर पोहण्यावर भर देणारी एक पद्धत १९७३ साली रोनाल्ड एरिक्सन यांनी मांडली. अल्ब्युमिन या प्रथिनाच्या घट्ट द्रावणावर शुक्राणू सोडायचे. वायवाले अधिक जोमदार असल्याने ते आधी आत शिरतील, अशी कल्पना. तिचा गाजावाजा बराच झाला. परंतु पुढे डीएनए ओळखण्याच्या नेमक्या चाचण्या हाती आल्यावर, निवडलेल्या भागातही दोन्ही प्रकार जवळजवळ निम्मे-निम्मेच असल्याचे अनेक प्रयोगशाळांना आढळले. येथे एक गंमत ध्यानात घ्या. नाणेफेकीचा अंदाज सांगणारा माणूस निम्म्या वेळा बरोबरच येतो. मुलगा होण्याचे औषध देणारे वैदू, विशिष्ट तिथी सांगणारे पंडित आणि अशा पद्धती वापरणारे दवाखाने या सर्वांना निम्मे समाधानी ग्राहक काहीही न करता मिळतात. म्हणून अशा दाव्याची परीक्षा दहा-वीस उदाहरणांवरून करू नये.

खरी वाट निघाली ती अगदी भलतीकडून. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड स्वीट हे १९६० च्या दशकात विद्युत संदेश कागदावर झपाट्याने उमटवण्याचे साधन तयार करत होते. त्यांनी शाईची बारीक धार कंप देऊन एकसारख्या थेंबांत तोडली, प्रत्येक थेंबाला कमीजास्त विद्युतभार दिला आणि दोन पट्ट्यांमधील विद्युत क्षेत्रातून जाताना थेंब हवा तेवढा वळवला. त्याच सुमारास लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांच्यापुढे वेगळेच कोडे होते. रक्तातील तांबड्या पेशी बारीक छिद्रातून जाऊ देऊन त्यांचे आकारमान विद्युत पद्धतीने मोजले, की आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे येत. तांबड्या पेशी खरोखर दोन आकारांच्या असतात की मोजण्यातच खोट आहे? फुलवायलर यांनी स्वीट यांच्या युक्तीचा आधार घेऊन शाईच्या जागी पेशी घातल्या आणि मोठ्या व लहान अशा दोन ढिगांत त्या वेगळ्या केल्या. मग प्रत्येक ढीग पुन्हा मोजला. दोन्ही ढिगांतून पुन्हा तेच दोन उंचवटे! पेशी एकाच प्रकारच्या होत्या. चपट्या असल्यामुळे छिद्रातून जाताना कोणी उभी जाई, कोणी आडवी, आणि त्यामुळे माप बदले. हा चपटेपणाचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. पेशी निवडण्याचे हे यंत्र फुलवायलर यांनी १९६५ साली जाहीर केले. नंतर स्टॅनफर्डच्याच लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने आकारमानाऐवजी पेशीच्या चकाकीवरून निवड करण्याची सोय केली आणि १९७२ पर्यंत तिला लेसर जोडला.

यंत्राच्या पोटात

शुक्राणूंसाठी हे यंत्र कसे चालते, ते आता पाहू.

प्रथम शुक्राणूंना एका रंगद्रव्यात भिजवतात. हेक्स्ट ३३३४२ असे त्याचे नाव आहे. ते जिवंत पेशीत शिरते आणि डीएनएच्या पिळाला चिकटते. त्यावर जंबुपार किरण टाकले की ते निळे चमकते. डीएनए जितका जास्त तितके रंगद्रव्य जास्त आणि तितकीच चमक जास्त. सोबत खाण्याच्या रंगातला एक लाल रंगही घालतात. तो फक्त मेलेल्या शुक्राणूंत शिरतो आणि त्यांची निळी चमक मंद करतो, म्हणजे मेलेले आपोआप ओळखू येतात.

मग हे शुक्राणू बारीक नळीतून सोडतात. नळीभोवती स्वच्छ क्षारद्रवाचा प्रवाह असतो. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या तोटीत बाहेरचा द्रव आतल्या धारेला चहूबाजूंनी चेपतो, आणि शुक्राणूंना एकामागे एक अशी रांग धरावीच लागते. तोटीचे छिद्र असते सुमारे ७० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढे.

धार किती वेगाने निघेल? द्रवावर २ वातावरणांएवढा, म्हणजे सुमारे २,००,००० पास्कल जादा दाब दिला असे धरा. बर्नूलीच्या सूत्राप्रमाणे वेगाचा वर्ग म्हणजे दाबाची दुप्पट भागिले घनता. ४,००,००० भागिले १,००० बरोबर ४००. वर्गमूळ २०. म्हणजे सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. आपल्या एस.टी.चाच वेग म्हणा ना.

आता रॅले यांच्याकडे वळू. धार थेंबांत का तुटते? पृष्ठताणाला कमीत कमी पृष्ठभाग हवा असतो. तेवढेच पाणी लांब दांड्याऐवजी गोल थेंबांत साठवले, तर पृष्ठभाग कमी लागतो. म्हणून धारेवर थोडीशी जरी लाट उठली, तरी बारीक जागा आणखी बारीक होत जाते आणि शेवटी तुटते. व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीची लाट सर्वांत लवकर वाढते, हे रॅले यांनी गणिताने दाखवले. आपल्या धारेसाठी ही लांबी ७० गुणिले ४.५, म्हणजे ३१५ मायक्रोमीटर. वेगाला तरंगलांबीने भागले की कंपनसंख्या मिळते: सेकंदाला सुमारे ६३,०००. तोटीला एक दाबविद्युत स्फटिक जोडून नेमकी एवढ्या कंपनसंख्येची थरथर दिली, तर धार नळासारखी कशीही तुटत नाही. कवायतीच्या शिस्तीत, अगदी सारख्या आकाराच्या थेंबांत तुटते. अशा यंत्रात सेकंदाला साठ ते नव्वद हजार थेंब तयार होतात. शाळेच्या पुस्तकातील तीन सूत्रांवरून आपण त्याच आकड्याच्या घरात येऊन पोहोचलो.

धार अजून अखंड असते, त्या जागी तिच्यावर लेसरचा झोत पडतो. शुक्राणू त्यातून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या वेळात निघून जातो. तेवढ्यात त्याची चमक मोजायची आणि ३.८ टक्के फरक ओळखायचा!

येथेच तो चपटेपणा आडवा आला. वळूच्या शुक्राणूचे डोके भोपळ्याच्या बीसारखे असते: लांबट, पसरट आणि अतिशय चपटे. त्यातील डीएनए इतका दाटून भरलेला असतो की त्याचा वक्रीभवनांक पाण्याहून बराच जास्त होतो. परिणामी प्रकाश सपाट बाजूपेक्षा कडेकडून जास्त बाहेर पडतो. एकाच शुक्राणूकडे समोरून पाहिले तर तो मंद, कडेने पाहिले तर तेजस्वी दिसणार. हा फरक ३.८ टक्क्यांहून कितीतरी मोठा असल्याने खरा फरक त्यात पार बुडून जातो. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत डॅनियल पिंकेल, बार्टन ग्लेडहिल आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधले आणि १९८२ च्या सुमारास दोन उंचवटे स्पष्ट वेगळे दाखवले. युक्ती साधी आहे. आतल्या नळीचे टोक पाचरीसारखे तासले, की बाहेर येणारी धार फितीसारखी चपटी होते, आणि त्या फितीत चपटे डोके आपोआप एका बाजूला वळते. पुराच्या पाण्यात फळकूट जसे आडवे न राहता सपाट होऊन वाहते, तसेच. शिवाय चमक मोजणारी दोन साधने काटकोनात ठेवतात. एक कडेकडून पाहून शुक्राणू नीट वळला आहे की नाही ते सांगते. नीट वळला असेल तरच समोरच्याचे माप धरतात.

लेसरपासून थेंब सुटण्याची जागा काही मिलिमीटर खाली असते. ६ मिलिमीटर धरा. २० मीटर वेगाने हे अंतर कापायला ०.०००३ सेकंद लागतो. त्या अवधीत संगणक निर्णय घेतो आणि तो शुक्राणू ज्या थेंबात असेल, तो थेंब धारेपासून सुटण्याच्या नेमक्या क्षणी सगळ्या धारेला धन किंवा ऋण भार देतो. क्षारद्रव विद्युतवाहक असल्याने भार टोकापर्यंत पोहोचतो. थेंब सुटला की तो भार त्याच्यात अडकून राहतो. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना एक्सवाला थेंब एका बाजूला झुकतो, वायवाला दुसऱ्या बाजूला. शंका असलेला, मेलेला किंवा रिकामा थेंब भाराविना सरळ खाली जातो. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ धरून ती वळवण्याचा प्रयोग तुम्ही केला असेलच. तेथेही विद्युतभारच धारेला ओढतो.

लिव्हरमोरमधील शुक्राणू मोजले गेले खरे, पण त्या खटाटोपात ते जिवंत राहत नव्हते. मेलेल्या शुक्राणूंचे अचूक वर्गीकरण शेतकऱ्याच्या काय कामाचे? अमेरिकी कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रातील लॉरेन्स जॉन्सन यांनी जिवंत पेशीत शिरणारे रंगद्रव्य, योग्य तापमान आणि सौम्य द्रव यांची सांगड घातली आणि १९८९ साली सशांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एक्सवाल्या भागापासून झालेल्या पिल्लांत ९४ टक्के माद्या होत्या आणि वायवाल्या भागापासून झालेल्यांत ८१ टक्के नर. नाणेफेकीने असे आकडे येत नाहीत.

वेगाचे दुखणे

यंत्राची खरी अडचण अचूकपणाची नाही, वेगाची आहे. शुक्राणू एकेक करून तपासावा लागतो. वळूच्या एका वेळच्या रेतात काही शे कोटी शुक्राणू असतात. ५०० कोटी धरले आणि सेकंदाला २० हजार सोडले, तर अडीच लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन दिवस लागतील. तोवर ते जगणार नाहीत. त्या २० हजारांतूनही खात्रीचे एक्सवाले सेकंदाला चार हजारांच्या आसपासच हाती येतात. कृत्रिम रेतनाच्या साध्या कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू भरण्याचा प्रघात होता. तेवढे निवडायला सव्वा तासाहून जास्त वेळ लागेल. म्हणून निवडलेल्या कांडीत २० लाखांच्या आसपासच भरू लागले. त्याला आठ-नऊ मिनिटे पुरतात. पुढे यंत्रांचा वेग वाढला तशी ही संख्या ४० लाखांपर्यंत नेण्यात आली. कांडीत शुक्राणू थोडे आणि तेही रंग, लेसर व धक्के सोसलेले. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा काहीसे कमी पडते. अलीकडे आणखी एक पद्धत निघाली आहे. तिच्यात थेंब पाडणे व भार देणे हा खटाटोपच नाही. नको असलेला शुक्राणू दुसऱ्या लेसरच्या ठिणगीने तेथल्या तेथे निकामी करतात आणि सगळी धार एकाच भांड्यात घेतात.

हीच पद्धत माणसासाठीही वापरता येते. अमेरिकेत १९९० च्या दशकात मायक्रोसॉर्ट या नावाने तिची चाचणी सुरू झाली. हीमोफिलियासारखे काही रोग एक्स-गुणसूत्रावरून येतात आणि बहुतेक मुलग्यांना होतात. ते टाळणे हा एक हेतू होता. पण कुटुंबात मुलगा आणि मुलगी दोन्ही हवीत, अशा इच्छेने येणारेही होते. तेथील औषधनियंत्रण खात्याची मान्यता या पद्धतीला मिळाली नाही.

आपल्याकडे प्रश्न जास्त बिकट आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला. देशाचा कायदा १९९४ चा. परंतु त्यात गर्भ राहिल्यानंतरच्या तपासण्यांचाच विचार होता. सेहत, पुण्याची मासूम ही संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; त्यानंतर कायदा दुरुस्त झाला आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही, म्हणजे शुक्राणूंची वर्गवारीसुद्धा, बंदीखाली आली.

गाईला चालते ते माणसाला का नाही, असे वर्गात कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. गोठ्यात किती कालवडी आणि किती गोऱ्हे ठेवायचे, हे माणूस पूर्वीपासूनच ठरवत आला आहे. वळू तर गावात एखादाच असे. माणसांच्या बाबतीत प्रत्येक घराने आपापली निवड केली आणि ती बहुतेकांची एकाच बाजूला पडली, तर त्याचा भार सगळ्या समाजावर येतो. शिवाय 'गर्भपात तर होत नाही ना' ही सबब मला पटत नाही. मुलगी नको, हा निर्णय गर्भ राहण्याआधी घेतला काय आणि नंतर घेतला काय, नको असलेली तीच.

गोठ्यात मात्र या यंत्राची गरज खरी आहे. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गाईच्या गोऱ्ह्याला काम उरले नाही. निम्मी वितें गोऱ्ह्यांवर जातात, आणि दुधावर संसार चालवणाऱ्याला त्यांना पोसणे परवडत नाही. पुष्कळ गोऱ्हे उपाशी मरतात किंवा रस्त्यावर येतात. म्हणून लिंगविनिश्चित रेतमात्रा, म्हणजे एक्सवाल्या शुक्राणूंची कांडी, सरकारने पशुपालकांना सवलतीत द्यायला सुरुवात केली. परदेशी यंत्रांवर आणि पेटंटांवर अवलंबून राहिल्याने तिची किंमत साध्या कांडीच्या अनेक पट पडत असे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमात देशी बनावटीचे तंत्रज्ञान जाहीर झाले. त्यामुळे दर मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असे सांगण्यात आले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते गौसॉर्ट या नावाने आणले आहे.

शंभरांतले दहा तरीही चुकतातच. म्हणून प्रत्येक खेपेला निवडलेल्या शुक्राणूंतून चिमूटभर नमुना घेऊन तो पुन्हा मोजतात आणि आलेखात एकच उंचवटा येतो की दोन, ते पाहतात. फुलवायलर यांनी तांबड्या पेशींचे केले होते तसेच. प्रमाण ठरावीक टक्क्यांच्या खाली भरले तर ती खेप कांड्यांत भरतच नाहीत.